खुब्याच्या शस्त्रक्रियेतला ब्लॉक: निवडावा कसा, द्यावा कसा, पारखावा कसा

जळगाव-धुळ्याच्या ऑपरेशन थिएटरांत खुब्याच्या सांध्यासाठी दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. पहिली तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची. ओट्यावरून उतरताना, मोरीत किंवा शेताच्या बांधावर पाय घसरून पडलेली सत्तरीपुढची आजी. मांडीच्या हाडाची मान मोडलेली, पाय आखूड होऊन बाहेर वळलेला, वजन चाळीस-पंचेचाळीस किलो. तिचा गोळा बदलायचा असतो, बहुतेकदा बायपोलर बसवून. दुसरी तऱ्हा तिशी-पस्तिशीतली: गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो निकामी झालेला, आणि आता पूर्ण सांधा बदलण्यावाचून इलाज नाही. दारू आणि स्टिरॉइड ही कारणं सगळीकडचीच. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-रावेर आणि शिरपूरच्या आदिवासी पट्ट्यात, सिकलसेल हे आणखी एक कारण आहे आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

या दोघांनाही शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी नर्व्ह ब्लॉक द्यायचा तर कोणता द्यावा, तो कसा द्यावा आणि एकाची दुसऱ्याशी तुलना प्रामाणिकपणे कशी करावी, याची ही कृती आहे. जिल्ह्यात नव्याने काम सुरू करणारे भूलतज्ज्ञ आणि एम. डी.चे विद्यार्थी यांच्यासाठी ती लिहितो आहे. वॉर्डातला भाग नर्सताईंनी आणि नातेवाइकांनीही वाचावा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. खाटेवर निजलेल्या माणसाचं दुखणं कमी करणं सोपं आहे. ब्लॉकची परीक्षा व्हायला हवी ती रुग्णाला उठवून बसवताना, पाय जमिनीला टेकवताना. आणि त्याच वेळी मांडीत ताकद आहे का, हेही पाहायला हवं. दुखणं गेलं पण गुडघा लटपटला, तर आजी दुसऱ्यांदा पडेल.

ब्लॉकची गरज आपल्याकडे जास्त का

सांधा बदलल्यावर वेदनेचा पाया गोळ्या-इंजेक्शनांचाच असतो: पॅरासिटामॉल, सूज उतरवणारं औषध, शस्त्रक्रियेच्या वेळी डेक्सामेथासोनचा एक डोस. खुब्याच्या सांधेबदलासाठी प्रॉस्पेक्ट गटाने 2021 मध्ये दिलेल्या शिफारशी हेच सांगतात, आणि त्यावर फॅशिया इलियाका ब्लॉकचा एक डोस किंवा सर्जनने सांध्याभोवती भरायचं औषध, यांतलं एक जोडायला सांगतात. नुसता फिमोरल नर्व्ह ब्लॉक आणि लंबर प्लेक्सस ब्लॉक यांची ते शिफारस करत नाहीत.

आता हा पाया आपल्या आजीला लावून बघा. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या वर जातो. ती पडली, दोन दिवस घरीच तेल लावून पाहिलं, मग गाडीत आडवी टाकून आणली. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी जवळजवळ बंद. अशा सुकलेल्या शरीरात डायक्लोफेनॅक देणं म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. ते गेलं. ट्रॅमाडॉल दिलं की उलट्या होतात, रात्री ती बरळू लागते. मॉर्फिन तालुक्याच्या ठिकाणी सहजी हाताशी नसतं, आणि असलं तरी रात्री एका नर्सकडे पूर्ण वॉर्ड असताना श्वासावर लक्ष कोण ठेवणार? उरलं पॅरासिटामॉल, तेही पन्नास किलोच्या आतल्या माणसाला 1 ग्रॅम नव्हे, किलोमागे 15 मिग्रॅ. म्हणजे मोठ्या शहरात ब्लॉक हा चौथा खांब असेल, आपल्याकडे तो बरेचदा दुसरा असतो.

सिकलसेलच्या रुग्णात निराळं कारण आहे. वेदना त्याच्या ओळखीची असते, आधीच्या दुखण्यांत त्याने अनेक औषधं घेतलेली असतात, त्यामुळे नेहमीच्या डोसला ती दाद देत नाही. वेदनेने तो श्वास आखडतो, ऑक्सिजन उतरतो, पेशी विळ्यासारख्या वळू लागतात. त्याला ऊब, पाणी, ऑक्सिजन आणि चांगला ब्लॉक या चारही गोष्टी लागतात.

सांध्याच्या नर्व्ह

खुब्याच्या सांध्याची पिशवी पुढून जास्त दुखते. वेदना वाहून नेणारी टोकं तिथेच दाट आहेत. पुढच्या भागाला फिमोरल, ऑब्च्युरेटर आणि काही माणसांत अ‍ॅक्सेसरी ऑब्च्युरेटर नर्व्ह फांद्या देतात. मागच्या भागाला सायाटिक, क्वाड्रेटस फिमोरिसची नर्व्ह आणि सुपीरियर ग्लुटिअल. मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा लॅटरल क्युटेनियस नर्व्हकडे. फिमोरल नर्व्हचं मोठं काम मात्र क्वाड्रिसेप्स चालवणं, म्हणजे गुडघा सरळ ठेवणं. ब्लॉकमधला सगळा पेच इथे आहे: वेदना नेणारी तार आणि पायावर उभं ठेवणारी तार एकाच नर्व्हमधून निघतात.

फॅशिया इलियाका ब्लॉक डॅलेन्स यांनी 1989 मध्ये लहान मुलांसाठी मांडला. सोनोग्राफी आल्यावर तो जांघेच्या पट्टीच्या वरून देता येऊ लागला. हेबर्ड यांनी 2011 मध्ये ती रीत लिहिली. त्याला सुप्राइंग्वायनल म्हणतात. यात इलियाकस स्नायूवरच्या पडद्याखाली भरपूर औषध पसरवून फिमोरल आणि लॅटरल क्युटेनियस दोन्ही गाठायच्या. आवाका मोठा, पण मांडीची ताकद जाते.

पेंग ब्लॉक, पुरं नाव पेरिकॅप्सुलर नर्व्ह ग्रुप ब्लॉक, टोरंटोत लॉरा हिरॉन-अरँगो, फिलिप पेंग आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये पाच रुग्णांवर वर्णन केला. यात मुख्य नर्व्हला हात न लावता सांध्याकडे निघालेल्या बारीक फांद्याच हाडाजवळ गाठायच्या. ताकद बरीचशी राहते. त्वचा आणि सांध्याची मागची बाजू मात्र मोकळी राहते.

लंबर प्लेक्सस ब्लॉक मी तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये सुचवणार नाही. तो खोल आहे, मणक्याच्या जवळ आहे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत त्याला कमरेतल्या इंजेक्शनचेच नियम लागतात. क्वाड्रेटस लंबोरम आणि इरेक्टर स्पायनीचे ब्लॉकही वापरले जातात. दोन मुख्य ब्लॉक हातात बसल्यावर त्यांच्याकडे वळावं.

पेंग आणि सुप्राइंग्वायनल यांची समोरासमोर तुलना चिलीतल्या हुलियान अलिस्ते आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये छापली. रुग्ण 40, दोन्ही गटांत 20-20. वेदनेत आणि मॉर्फिनच्या गरजेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तीन तासांनी मांडीची ताकद कमी झालेले पेंग गटात 45 टक्के, दुसऱ्या गटात 90 टक्के. सहा तासांनी 25 आणि 85. आकडा लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. पेंगमध्येही जवळजवळ निम्म्यांची मांडी तीन तासांनी ढिली होती, हे मात्र विसरू नका. ‘पेंग दिलाय, चालवा’ असं कोणी म्हणालं तर थांबवा.

निवड

सोनोग्राफी मशीन नसेल तर प्रश्नच मिटला. पेंग मशीनशिवाय द्यायचा नाही. हाताने चाचपून फॅशिया इलियाका देता येतो: कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि जांघेतल्या हाडाचा उंचवटा यांना जोडणारी रेघ काढा, तिचे तीन भाग करा, बाहेरचा तिसरा भाग जिथे संपतो त्याच्या 1 सेंमी खाली सुई. बोथट टोकाच्या सुईला दोनदा ‘टक’ जाणवतं, आधी फॅशिया लाटाचा पडदा, मग फॅशिया इलियाकाचा. धारदार सुईला हे कळत नाही.

मशीन असेल तर ती कोणाच्या नावावर आहे ते बघा. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी समुचित प्राधिकाऱ्याकडे लागते, मग ती भुलेसाठी का वापरेनात. 2012 च्या दुरुस्तीने पोर्टेबल मशीनवरची बंधनं आणखी कडक केली. आपलं बरंचसं काम या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये फिरण्याचं; मशीन डिकीत टाकून नेण्याचा मोह होतो. तो टाळा. रुग्णालयाने मशीन घेऊन नोंदवावी, असा आग्रह धरा.

त्यानंतर सर्जनला विचारा, पुढून की मागून? आपल्याकडे बहुतेक सर्जन मागच्या बाजूने जातात. तेव्हा एकटा पेंग पुरणार नाही. त्याच्या जोडीला सर्जनने टाके घालण्याआधी मागच्या पिशवीत आणि त्वचेखाली औषध भरायला हवं. तो तयार नसेल तर सुप्राइंग्वायनलकडे झुकावं, निदान त्वचेचा भाग तरी झाकला जातो.

शेवटी वॉर्ड. संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट येऊन उभं करणार असेल तर पेंग. रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळीच उठणार असेल, रात्री शौचाला भांडं देणार असतील आणि खरी गरज रात्रभराच्या झोपेची असेल, तर सुप्राइंग्वायनल. मोडलेल्या हाडाच्या म्हाताऱ्या रुग्णाला मी स्वतः पेंग निवडतो, कारण भ्रमात ती आजी न सांगता खाटेवरून उतरायला बघते आणि तेव्हा मांडीत जीव असलेला बरा.

आदल्या दिवशी

रुग्णाशी त्याच्या बोलीत बोला. ‘माय, कोठे दुखस?’ एवढं अहिराणीत विचारलं तरी चेहरा सैल होतो. वेदना शून्य ते दहा आकड्यांत विचारली की आजी नातवाकडे बघते. तिला आणे कळतात. ‘काल रुपयाभर दुखत होतं असं धर. आते कितलं दुखस?’ ती ‘बारा आणे’ म्हणते, ‘चार आणे’ म्हणते, आणि ते उत्तर दहातल्या आकड्यापेक्षा खात्रीचं असतं. तरुण रुग्णाला आणे परके आहेत, त्याला दहाच विचारा. एकाच रुग्णाला मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माप लावा.

वजन काट्यावर करा, अंदाजाने नको. मोडलेल्या पायाने काट्यावर उभं राहता येत नाही, तर नातेवाइकाने आधारकार्ड-रेशनकार्ड शोधावं तसं मागच्या दवाखान्याचा कागद शोधायला सांगा, किंवा कमीतकमी धरा. क्लोपिडोग्रेलसारखी गोळी चालू आहे का ते पुडी बघून ठरवा. ‘रक्त पातळ करायची’ असं कोणी आपणहून सांगत नाही, ‘हृदयाची’ म्हणतात. ती चालू असेल आणि हाड मोडलेलं असल्याने थांबता येत नसेल, तर कमरेतलं इंजेक्शन टाळून पूर्ण भूल आणि ब्लॉक असा बेत करा. जांघ उघडून बघा. उन्हाळ्यात इथे नायटा पसरलेला असतो. सुईच्या जागेवर तो किंवा पुरळ असेल तर जागा बदलावी किंवा ब्लॉक सोडावा. आदिवासी भागातून आलेल्या तरुण रुग्णाची सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी झालेली नसेल तर आज करून घ्या, जमलं तर इलेक्ट्रोफोरेसिसही.

संमती घेताना खरं सांगा: ‘मांडी जड वाटेल, काही तास बधिर राहील. दुखणं पूर्ण जाणार नाही, सोसेल इतकं होईल. रात्री कधीतरी औषध उतरेल, तेव्हा आम्हाला हाक मारा.’ महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आलेल्या कुटुंबाला ब्लॉकचे वेगळे पैसे पडतील की काय, अशी धास्ती असते. ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं. इतकी वर्षं झाली तरी ही धास्ती भेटते. ती आधीच दूर करा.

डोस कागदावर मांडा

ही पायरी सगळ्यांत जास्त चुकवली जाते, म्हणून इथे जरा थांबतो. परदेशी लेखातलं ‘40 मिली’ हे ऐंशी किलोच्या माणसाचं माप आहे. आपली आजी 45 किलोची.

रोपिव्हाकेन किलोमागे 3 मिग्रॅ, म्हणजे तिची कमाल मर्यादा 135 मिग्रॅ. साधं बुपिव्हाकेन किलोमागे 2 मिग्रॅ, म्हणजे 90. आता सुप्राइंग्वायनलसाठी 0.25 टक्के बुपिव्हाकेन 40 मिली भरलंत तर 100 मिग्रॅ झालं. मर्यादा ओलांडली, आणि सर्जनने अजून एक थेंबही टोचलेला नाही. तेच औषध 16 मिली 0.5 टक्के आणि 24 मिली सलाईन असं केलं तर 80 मिग्रॅ होतं, पण सर्जनसाठी जवळजवळ काही उरत नाही. म्हणून शक्य असेल तिथे रोपिव्हाकेन घ्या. सुप्राइंग्वायनलला 0.2 टक्के, 40 मिली, म्हणजे 80 मिग्रॅ, सर्जनला 0.2 टक्क्याचे 25 मिली, 50 मिग्रॅ; एकूण 130. पेंगला 0.75 टक्क्याचे 10 मिली आणि 10 मिली सलाईन, 75 मिग्रॅ, सर्जनला तेच 25 मिली, एकूण 125. ही बेरीज फळ्यावर लिहून सर्जनला मोठ्याने वाचून दाखवा. अशक्त, सत्तरीपुढच्या किंवा यकृत खराब असलेल्या रुग्णात यापेक्षाही खाली राहा.

20 टक्के लिपिड इमल्शन थिएटरमध्ये असल्याशिवाय सुई हातात घेऊ नका. ते 25 अंशांच्या खाली ठेवायचं असतं. पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये मे महिना काढलेली बाटली भरवशाची नाही. ती एसी असलेल्या थिएटरच्या कपाटात ठेवा आणि दाराला आतून कागद चिकटवा: पहिला डोस किलोमागे 1.5 मिली, दोन-तीन मिनिटांत. पुढे मिनिटाला किलोमागे 0.25 मिली. 45 किलोला साधारण 68 मिली आणि मग मिनिटाला 11 मिली. प्रोपोफॉल हा त्याला पर्याय नाही.

आणखी एक. खुब्याच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड असतंच. त्याची काचेची अँप्यूल कमरेतल्या हेवी बुपिव्हाकेनसारखी दिसू शकते आणि ती चुकून मणक्यात गेल्याने माणसं दगावली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये यावर इशारा दिला. दोन्ही औषधं वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या टेबलावर ठेवा. ब्लॉकच्या सिरिंजवर नाव आणि टक्केवारी लिहिल्याशिवाय ती टेबलावर ठेवू देऊ नका.

प्रत्यक्ष ब्लॉक

मोडलेल्या हाडाच्या रुग्णाला ब्लॉक आधी, कमरेतलं इंजेक्शन नंतर. बसवताना किंवा कुशीवर वळवताना जी किंकाळी फुटते, ती ब्लॉकने टळते. तो त्याचा पहिला उपयोग. सलाईन चालू, मॉनिटर लावलेला, ऑक्सिजन नाकाशी, रुग्ण जागा. सुई टोचण्याच्या क्षणी थांबून बाजू मोठ्याने विचारा: उजवा की डावा? रुग्णाला विचारा, एक्स-रे बघा, सर्जनची खूण बघा. उताण्या रुग्णावर चादर असताना चुकीच्या बाजूला ब्लॉक जाणं वाटतं त्यापेक्षा सोपं आहे.

सुप्राइंग्वायनलसाठी सपाट, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब घ्या. तो जांघेच्या पट्टीवर, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाच्या आतल्या अंगाला, शरीराच्या लांबीच्या दिशेने उभा ठेवा. मशीनच्या पडद्यावर डोक्याकडे इंटर्नल ऑब्लिक आणि पायाकडे सार्टोरियस हे दोन स्नायू मधे चिमटलेल्या आडव्या डमरूसारखे दिसतात. त्यांच्या खाली इलियाकस, त्याच्या खाली हाडाची पांढरी रेघ. इलियाकसवरची चमकदार रेघ म्हणजे आपला पडदा. त्याच्या वरच्या बाजूला एक लहान धमनी, डीप सर्कम्फ्लेक्स इलियाक, ठुसठुसताना दिसते. कलर डॉप्लर लावून खात्री करा. सुई पायाकडून डोक्याकडे, प्रोबच्या रेषेत. पडदा ओलांडला की 1-2 मिली सलाईन सोडा. पडदा स्नायूपासून सुटून उचलला गेला आणि ती धमनी वर ढकलली गेली, तर जागा बरोबर. स्नायूच फुगला तर सुई थोडी मागे घ्या. मग औषध 5-5 मिलीने, दर वेळी सिरिंज ओढून रक्त येत नाही ना ते बघत. ते डोक्याकडे सरकताना दिसलं पाहिजे. नंतर अर्धा तास थांबा.

पेंगसाठी पोटाचा, वक्र, कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब. कमरेच्या हाडाच्या पुढच्या खालच्या टोकावर तो आडवा ठेवा आणि आतलं टोक साधारण 45 अंश खाली, जांघेच्या हाडाच्या दिशेने फिरवा. आता एका बाजूला ते टोक, दुसऱ्या बाजूला इलिओप्युबिक उंचवटा, मधे हाडाची उतरती रेघ, आणि तिच्यावर सोआस स्नायूचा पांढरा गोल टेंडन दिसला पाहिजे. फिमोरल धमनी आतल्या अंगाला. ती आधी शोधा, तिच्या बाजूला असलेली फिमोरल नर्व्हही ओळखा. सुई बाहेरून आत, 80-100 मिमी लांबीची. अनेक ठिकाणी ब्लॉकची खास सुई नसते आणि 23 नंबरची स्पायनल सुई वापरतात. चालते, पण टोक सतत दिसत राहील इतकीच पुढे न्या. टेंडन आणि हाड यांच्या मधल्या फटीत सुई हाडाला हलकेच टेकवा, किंचित मागे घ्या, सलाईन सोडा. टेंडन हाडावरून वर उचलला जाताना दिसला की औषध, 20 मिलीपर्यंत, त्याच्या पुढे नाही. जास्त भरलंत तर ते पुढे फिमोरल नर्व्हपर्यंत ओघळतं आणि ज्या ताकदीसाठी पेंग निवडला तीच जाते. उंचवट्याच्या फार आत सुई नेऊ नका, तिकडे मूत्राशय आहे. दुखरी त्वचाही झाकायची असेल तर मांडीच्या बाहेरच्या नर्व्हपाशी वेगळे 5 मिली द्या. ते बेरजेत धरा.

ब्लॉकनंतर निदान अर्धा तास रुग्णाशी बोलत राहा. ओठांना मुंग्या, कानात शिट्टी, तोंडाला धातूची चव, एकाएकी बडबड किंवा एकाएकी गप्प होणं, यांतलं काहीही दिसलं की टोचणं थांबवा, ऑक्सिजन द्या, लिपिड मागवा. म्हणूनच ब्लॉकच्या आधी झोपेचं इंजेक्शन भरपूर देऊ नये. झोपलेला माणूस सांगणार कसा?

वॉर्डात

नर्सताईंच्या कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: ब्लॉकची वेळ, पॅरासिटामॉल कधी कधी द्यायचं, आणि ‘एकट्याने उठवू नये’. ब्लॉक उतरायची वेळ बहुधा रात्रीच येते. तोपर्यंत गोळी-इंजेक्शन काहीच नसेल तर वेदना एकदम उसळते आणि दोष ब्लॉकवर येतो. म्हणून पॅरासिटामॉल वेळेवर द्या, मागितल्यावर नाही.

नातेवाइकांनो, बधिर मांडीला शेक देऊ नका. गरम पाण्याची पिशवी किंवा तापवलेलं फडकं त्या कातडीला जाळतं आणि रुग्णाला कळतही नाही. तेल चोळू नका. आजी-आप्पांना ‘लघवीला चला’ म्हणून एकट्याने उभं करू नका, मग ते कितीही म्हणाले की पाय बरा आहे. सर्जन मागून गेला असेल तर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं आणि देशी संडास सर्जन सांगेपर्यंत बंद. घरी उंच खुर्चीचा कमोड आधीच आणून ठेवा.

उभं करण्याआधी परीक्षा घ्या. खाटेच्या कडेला बसवून गुडघा सरळ करायला सांगा. पूर्ण सरळ झाला आणि हाताच्या दाबाविरुद्ध टिकला तर ठीक. अर्धवट झाला तर आज फक्त बसायचं. अजिबात नाही झाला तर पडून राहायचं. पाय उचलून दाखव म्हणू नका; ताज्या सांध्याने ते दुखतं आणि ताकदीचा अंदाज चुकतो.

तुलना करायची तर

धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात प्रबंधासाठी हा विषय घेणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. कमरेतल्या भुलेचा अंमल दोन-तीन तास टिकतो. त्या वेळात मोजलेली वेदना ब्लॉकबद्दल काहीच सांगत नाही, तरी प्रबंधांच्या तक्त्यांत पहिल्या तासाचा आणि दुसऱ्या तासाचा रकाना मोठ्या हौसेने भरलेला असतो. मणक्यात मॉर्फिन मिसळलं असेल तर त्याचा परिणाम जवळजवळ 24 तास असतो. मग दोन्ही गटांत ते सारखं द्या, नाहीतर कोणालाच देऊ नका. मोजणी 6, 12 आणि 24 तासांनी, दर वेळी दोनदा: पडून असताना आणि बसवताना. त्याच वेळी गुडघ्याची परीक्षा. पहिलं जादा औषध कधी लागलं. पहिल्यांदा उभं कधी राहिले. पडले का.

मोडलेलं हाड आणि निकामी गोळा हे रुग्ण एका गटात मिसळू नका. सर्जन आणि त्याचा मार्ग एकच ठेवा. सर्जनने भरलेलं औषध दोन्ही गटांत एकसारखं. मोजणाऱ्याला कोणता ब्लॉक दिला हे माहीत नसावं, म्हणजे निवासी डॉक्टरांपैकी एकाने द्यावा आणि दुसऱ्याने मोजावं. गट बंद पाकिटातून ठरवा. ‘आजी बारीक आहे, हिला पेंग देऊ’ असं झालं की तुलना संपली. नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करायची. 1 एप्रिल 2018 पासून उलट तारखेने नोंदणी चालत नाही.

जे प्रबंध करत नाहीत त्यांनीही वही ठेवावी. नाव नको, फक्त क्रमांक, वजन, ब्लॉक, मिलिग्रॅम, ते तीन वेळचे आणे आणि गुडघा. वर्षभराने ती वही सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासमोर उघडा. आपल्या हातचा पेंग खरोखर पेंगसारखा वागतो आहे की त्यातही बहुतेकांची मांडी ढिली पडते आहे, ते तिथे दिसेल. ढिली पडत असेल तर आधी औषधाचं प्रमाण 20 वरून 15 मिलीवर आणून बघा, आणि सुईचं टोक टेंडनच्या खालीच राहतं आहे ना, हे एखाद्या सहकाऱ्याला शेजारी उभं करून तपासून घ्या.